चौक कोणासाठीं ?

पुण्याच्या पश्चिमेस मुंबई-बंगळूर महामार्गावर चांदणी चौक आहे. मालमोटारी, मोटारी व पादचारी यांची तेथें नित्य कोंडी होत असे. ता. २ ऑक्टोबर २०२२ रोजीं मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून जुना पूल पाडण्यांत आला आणि ता. १२ ऑगस्ट २०२३ रोजीं नवे पूल व रस्ते खुले झाले.

महामार्गाची वाहतूक व शहराची वाहतूक निरनिराळी करणें योग्यच होय. तथापि पादचाऱ्यांची सोय तेव्हां राहून गेली. त्यांच्यासाठीं पुलाची मागणी लोकांस मागाहून करावी लागली. रस्ता रुंद झाला, वेग वाढला, आणि पलीकडची बस गांठणें जिवावरचें काम झालें.

आमच्या मतें नकाशावरील पहिली रेघ पादचाऱ्याची असावी, दुसरी मालमोटारीची व शेवटची मोटारीची. कारण अपघातांत मोटारीच्या पत्र्यास पोचा पडतो. पायीं चालणाराचा प्राण जातो. पालकहो, शाळेच्या फाटकापुढें मोटार उभी करतांनाही हाच क्रम स्मरावा. दप्तर घेतलेल्या मुलास जो चौक निर्भयपणें ओलांडतां येत नाहीं, तो सुधारला असें आम्ही म्हणणार नाहीं.