जी-कोड पाठ, झिरो सपाट

१९५२ साली अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. आज आपल्या वाळूज-चिकलठाण्याच्या छोट्या वर्कशॉपमध्येही सीएनसी दिसतं. आम्हीही सीएनसी शिकतो, पण कसं? जी००, जी०१, एम०३ तोंडपाठ, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन ओके, जर्नलवर सही, संपलं!

वाळूजला ट्रेनिंगमध्ये माझा प्रोग्रॅम पहिल्यांदा खऱ्या मशीनवर चढला. आयटीआय झालेल्या ऑपरेटर काकांनी तो सिंगल ब्लॉकवर चालवला आणि तिसऱ्याच ओळीला थांबवला. म्हणाले, "प्रोग्रॅम छान आहे. पण जॉब कुठे बांधलाय, ते मशीनला कोण सांगणार?" जी५४ मध्ये आधीच्याच जॉबचा झिरो होता! काका नसते तर जी०० च्या वेगाने टूल थेट व्हाइसमध्ये घुसलं असतं. मशीन आज्ञाधारक असतं, शहाणं नसतं.

म्हणून सर, एक विनंती. प्रॅक्टिकलचे निम्मे मार्क प्रोग्रॅमला द्या, निम्मे स्वतःच्या हाताने झिरो आणि टूल ऑफसेट घेण्याला. मशीन कमी पडत असेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये आमच्या बॅच पाठवा. नोकरीत टूल मोडून शिकण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.