मुलीला मॉडेल व्हायचंय? आधी कागद बघा



मुलीने मॉडेलिंगचं नाव काढलं की घरात पहिली चर्चा कपड्यांची होते. माझ्या मते ती कागदांची व्हायला हवी.

चांगली एजन्सी नोंदणीसाठी पैसे मागत नाही. ती काम मिळवून देते आणि मानधनातून कमिशन कापते. ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा, अमुक हजार भरा’ म्हणणाऱ्यांचा धंदा फोटो विकण्याचा असतो. सुरुवातीला साध्या कपड्यांत, मेकअपशिवाय, खिडकीच्या उजेडात काढलेले चार फोटो पुरतात.

करार किती वर्षांचा, दुसरीकडे काम घेता येईल का, फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, हे वाचूनच सही करावी. १८ वर्षांखालील मुलीने स्वतः केलेला करार १८७२च्या करार कायद्यानुसार मुळात करारच ठरत नाही.

आता आपले नियम. चामडं-रेशीम नको, मांस-मद्याची जाहिरात नको, जेवण सूर्यास्ताआधी, हे एजन्सीला सुरुवातीलाच लेखी द्यावं. सेटवर मेकअप झाल्यावर सांगितलं तर तो नखरा ठरतो. (लिपस्टिक स्वतःची न्यावी, कित्येक लाल छटांत कार्माइन, म्हणजे किड्यांपासूनचा रंग असतो.)

यामुळे कामं कमी होतील. नववधूच्या साड्यांची बरीचशी जातीलच. पण आपल्या कपाटात पैठण्या ठेवून मुलीलाच रेशीम सोडायला सांगणार असू, तर तिने ते का ऐकावं?