सभासदांची यादी

मॉन्ट्रियलमध्ये आपल्या बेटावरून गेलेली कुटुंबे आहेत. फ्रेंच येत असल्यामुळे ती तेथे सहज रुळली. त्याच शहरात पन्नासएक वर्षांपूर्वी जे घडले ते आमच्या वाचकांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

१९७० च्या ऑक्टोबरात क्वेबेकच्या स्वातंत्र्यासाठी बाँब उडविणाऱ्या एफ.एल.क्यू. गटाने ब्रिटिश व्यापारी प्रतिनिधी जेम्स क्रॉस यांना आणि पाठोपाठ प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांना पळविले. १६ ऑक्टोबरला ट्रूडो सरकारने १९१४ चा युद्धकालीन कायदा ऐन शांततेत लागू केला. दुसऱ्या दिवशी लापोर्त यांचे प्रेतच सापडले. लोक हादरले होते आणि बहुतेकांनी सरकारची पाठ राखली. वॉरंटाशिवाय ४९७ जणांना धरण्यात आले. त्यांतील ४३५ जणांना आरोप न ठेवताच सोडावे लागले. कवी जेराल्ड गोदँ हेही कोठडीत होते. (याच गोदँ यांनी १९७६ च्या निवडणुकीत, केंद्राकडे हे अधिकार मागणाऱ्या मुख्यमंत्री बुरासांना त्यांच्याच मतदारसंघात पाडले!)

पण आम्हांस खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. आणीबाणी उठली, सवय मात्र उठली नाही. केंद्रीय पोलिसांच्या गुप्तचर शाखेने १९७२ साली शेतावरचे एक कोठार जाळले. तेथे अतिरेक्यांची बैठक होणार असा त्यांना संशय होता. लोकांची टपालातील पत्रे फोडली. जानेवारी १९७३ मध्ये तर रात्री एका कचेरीत शिरून पार्ती क्वेबेक्वा या पक्षाच्या सभासदांची यादी असलेल्या संगणकाच्या टेपा बाहेर नेल्या, त्यांची नक्कल केली आणि टेपा परत जागच्या जागी ठेवल्या. हा पक्ष बाँबवाल्यांचा नव्हता. तो उघडपणे मते मागणारा पक्ष होता आणि १९७६ मध्ये निवडून येऊन सत्तेवरही बसला. यादीतील माणसांनी फक्त वर्गणी भरली होती.

"आमच्यापाशी लपविण्यासारखे आहे काय?" असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. त्या सभासदांपाशी तरी काय होते? आपल्या गावोगावच्या मंडळ्यांतही सभासदांच्या वह्या असतात. त्यांची नक्कल कोणी रात्रीतून करून नेते असे कळले, तर पुढल्या वर्षी किती जण नाव नोंदवतील?

कॅनडात १९७७ साली न्यायमूर्ती मॅकडोनल्ड यांचा आयोग नेमला गेला आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. १९८४ पासून गुप्तवार्तेचे काम पोलिसांकडून काढून वेगळ्या संस्थेला दिले. तिने माहिती तेवढी गोळा करावी, फोन ऐकायचा तर न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, आणि तिच्यावर एका समितीची नजर असावी, असे ठरले. २०१४ साली ओटावात संसदेवर हल्ला झाला. पुन्हा भय आले आणि २०१५ च्या कायद्याने त्याच संस्थेला नुसती माहिती जमवण्यापलीकडे जाऊन प्रत्यक्ष कारवाई करण्याची मुभा मिळाली. २०१९ साली तिला थोडा लगाम घालून देखरेखीची अधिक सबळ व्यवस्था करावी लागली.

आपल्याकडे २०२४ च्या ऑक्टोबरात पुढारी, पत्रकार यांच्या फोनवरील बोलण्याची म्हणून ध्वनिमुद्रणे बाहेर आली. १ नोव्हेंबरला समाजमाध्यमेच निवडणूक होईपर्यंत बंद ठेवण्याचा हुकूम निघाला आणि ओरड होताच दुसऱ्या दिवशी तो मागे घ्यावा लागला. नंतर सरकार बदलले. पण सरकार बदलले म्हणून प्रश्न संपला असे आम्ही मानीत नाही. फोन ऐकण्याची परवानगी कोण देतो, ऐकलेले किती दिवस ठेवतो, अन्याय झाल्यास नागरिकाने कोणाचे दार ठोठवावे, हे पुढच्या वेळी मत मागायला दारी येणाऱ्या उमेदवाराला विचारा. तो आपल्या आवडत्या पक्षाचा असला तर आधी विचारा.