भुताचा खाऊ करू या, चेटकिणीचा नको

३१ ऑक्टोबरचा हॅलोविन आता आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या इंग्रजी शाळांपर्यंत येऊन पोचला आहे. ‘पार्टीसाठी घरून काहीतरी भीतीदायक गोड पदार्थ करून पाठवा’, अशी सूचना येते आणि ती अर्थातच आईसाठी असते. यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. हे परकं खूळ आहे आणि यानं अंधश्रद्धा वाढेल. मला दोन्ही पटत नाहीत.

खाऊ लपवायचा आणि गंमत करायची, हे आपल्याला नवं नाही. भुलाबाईची गाणी संपली की झाकलेला खाऊ ओळखायला लावण्यात आपल्या कितीतरी पिढ्या रमल्या. आणि भुताचा खाऊ जर मुलांनी स्वतः केला, तर अंधश्रद्धा वाढण्याऐवजी कमीच होईल. नानकटाईच्या पिठाची लांबट बोटं वळायची, टोकाला नखाच्या जागी बदामाचा काप खोचायचा. रसगुल्ल्यावर काळी मनुका बसवली की डोळा तयार. कोकोच्या खिरीतल्या शेवया म्हणजे चिखलातल्या अळ्या. वरून बिटाच्या रसाचं रक्त. ज्या पोरानं हे रक्त स्वतः किसून, पिळून काढलं, ते त्याला भिणार कसं?

भोंदूबाबाचं भांडवल हेच असतं, की रक्त कशाचं हे समोरच्याला ठाऊक नसतं. हळद लावलेल्या कापडावर चुन्याचं पाणी शिंपडलं की लाल डाग उमटतात. घरात ‘करणी’ झाल्याचा पुरावा एवढ्यावर उभा राहू शकतो. बिटाच्या रसाबरोबर हाही प्रयोग मुलांना करून दाखवा. मात्र मुलींइतकेच मुलगेही ओट्याशी उभे राहिले पाहिजेत, नाहीतर आईच्या कामात आणखी एका कामाची भर, एवढाच या सणाचा अर्थ उरेल.

माझा आक्षेप एकाच पदार्थाला आहे : टोकदार टोपी, बाकदार नाक, सुरकुतलेला चेहरा अशी बिस्किटावर काढलेली चेटकीण. कोळी, सांगाडा, वटवाघूळ यांच्या नावानं कुणाला कधी जाळलं नाही. बाईला जाळलं आहे. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ५० हजार माणसं मारली गेली, त्यांत बहुसंख्य बायका. अमेरिकेतल्या सेलम गावी १६९२ मध्ये १९ जणांना फाशी दिलं, त्यांत १४ स्त्रिया होत्या. आज तेच सेलम हॅलोविनच्या पर्यटनासाठी प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी अशा बळींची जाहीर माफी मागितली, ती ८ मार्च २०२२ रोजी, महिलादिनी.

त्यांच्याकडे हा इतिहास आहे. आपल्याकडे अजून तसा झालेला नाही. गावात मूल आजारी पडलं, म्हैस दगावली की बोट कुणाकडे वळतं? एकट्या राहणाऱ्या, विधवा, म्हाताऱ्या किंवा तोंडानं फटकळ बाईकडे. तिच्या नावावर शेताचा तुकडा असेल तर अधिकच लवकर. आमच्या जिल्ह्यातल्या सैलानीला हिंदू-मुसलमान सगळेच जातात. ‘बाहेरची बाधा’ झाली असं समजून मानसिक आजाराच्या माणसांनाही तिथं नेलं जातं. घरच्यांच्या मनातली भीती खरी असते, म्हणून तिची टिंगल मी करणार नाही. पण ही भीती जेव्हा एखाद्या बाईवर जाऊन आदळते, तेव्हा गप्पही बसणार नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणी करणी करते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हे या कायद्यानं गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. हे किती मुलांच्या आयांना ठाऊक आहे?

तेव्हा मैत्रिणींनो, शाळेची सूचना आली की नाकं मुरडू नका. त्या दिवशी हळद-चुना घेऊन शाळेत जा आणि खाऊच्या आधी दहा मिनिटं मागून घ्या. मुलांनी डोळे खावेत, बोटं खावीत. म्हाताऱ्या बाईचा चेहरा तेवढा ताटात नको.