परीक्षण लिहायला वाजवणारे हात हवेत

मराठी नाटकाच्या परीक्षणात संगीताच्या वाट्याला बहुधा शेवटच्या परिच्छेदातले अर्धे वाक्य येते. ‘पार्श्वसंगीत आशयाला पूरक’ एवढे म्हटले की विषय संपतो. स्वतःची गाणी स्वतःच काढणाऱ्या तरुण मंडळींच्या नशिबी तेवढेही नसते. त्यांना मित्रांची वाहवा मिळते, परीक्षण मिळत नाही. ही उणीव भरून काढायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे मैफलीत, नाटकात, ध्वनिमुद्रणात वाजवून पोट भरणारा कलावंत, असे माझे मत आहे. हितसंबंध गुंतलेले असतात म्हणून त्याला समीक्षेपासून लांब ठेवण्याच्या आपल्या रिवाजाने फायद्यापेक्षा तोटाच अधिक झाला आहे.

प्रसंग रंगला नाही, हे कोणत्याही जाणत्या प्रेक्षकाला कळते. तो का रंगला नाही, हे साथ करणाऱ्याला कळते. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर चालणाऱ्या नाटकात संगीत नटासाठी थांबत नाही. नटाने विराम जरा लांबवला की पुढची सुरावट त्याच्या वाक्यावर येऊन आदळते, आणि दोष मात्र अभिनयाच्या खाती जमा होतो. गाणाऱ्या नटाला न झेपणारी पट्टी दिली की वरचे सूर ओढून काढावे लागतात आणि शब्द हरवतात. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’च्या संहितेवर आणि दिग्दर्शनावर उदंड लिहिले गेले. पण त्या नाटकात गाणाऱ्या ब्राह्मणांची रांगच पडद्याचे काम करते, आणि कीर्तनाच्या ढंगातून लावणीकडे वळणाऱ्या चालींतून समाजाचे ढोंग उघडे पडते. हे भास्कर चंदावरकरांच्या संगीताने साधले. तिथे संगीत पूरक नाही. तिथे संगीत हेच नाटक आहे.

स्वतंत्र संगीतात ही गरज आणखी मोठी आहे. ध्वनिमुद्रिका कंपनीची निवड किंवा आकाशवाणीची स्वरचाचणी अशा चाळण्या आता वाटेत येत नाहीत; घरातल्या खोलीत रेकॉर्ड केलेले गाणे थेट यूट्यूबवर येते. त्यामुळे अनेकांना दारे उघडली, हे चांगलेच झाले. मात्र चाळणीबरोबर परखड मत देणारा कानही गेला. गायकाचा आवाज गिटारमागे दबला असेल, तर तो स्वस्त माइकचा परिणाम आहे की मिक्सिंग करताना घेतलेला निर्णय? नाटकात एकच हार्मोनियम असेल, तर ती तंगी आहे की योजना? पैशाची मर्यादा कुठे संपते आणि निवडीची चूक कुठे सुरू होते, हे ओळखणे हेच स्थानिक कलेच्या परीक्षणाचे मर्म. ते ओळखता आले की मोठ्या शहरातल्या निर्मितीशी अन्यायकारक तुलना होत नाही, आणि ‘बिचाऱ्यांनी प्रयत्न केला’ ही अपमानकारक दयाही टळते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आज ज्याच्याविषयी लिहायचे, उद्या त्याच्याच शेजारी बसून वाजवायचे, मग खरे कसे लिहिणार? आक्षेप खोटा नाही. पण इतिहासातले दाखले पाहा. संगीतकार रॉबर्ट शूमनने १८५३ मध्ये जेमतेम विशीतल्या ब्राम्सची जगाला ओळख करून दिली, तेव्हा ब्राम्स त्याच्या घरी येत-जात होता. ही जवळीक त्याच्या लेखातूनच दिसते, आणि त्याचा निवाडा काळाच्या कसोटीवर उतरला. आपल्याकडे केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांवर लिहिले आणि १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ला, पुढे प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला संगीतही दिले. लांबत जाणाऱ्या नाट्यपदांऐवजी प्रसंगात बसणारी मोजकी गाणी, हा विचार त्यांनी रंगमंचावर करून दाखवला. समीक्षक आणि संगीतकार एकाच अंगात असले म्हणून यांतल्या कोणाचेच बिघडले नाही. आज टोपणनावाची गरज नाही, उलट उघडेपणा हवा. ‘या संस्थेच्या मागच्या नाटकाला मी साथ केली होती’ एवढी ओळ परीक्षणाखाली छापली, की वजन किती द्यायचे ते वाचक ठरवील. लहान गावात सगळेच सगळ्यांना ओळखतात. अनोळखी परीक्षकाचा आग्रह धरला तर तिथे परीक्षणच होणार नाही.

दुसरा आक्षेप असा की वादक तांत्रिक लिहील आणि वाचक पान उलटेल. हा लेखनाचा दोष झाला, जाणकारीचा नव्हे; त्यावर संपादकाची लेखणी पुरेशी आहे. शिवाय समीक्षा ही कलावंतांचीच मक्तेदारी असावी, असेही माझे म्हणणे नाही. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. मात्र त्यांनी गाण्याची तालीम घेतली होती, हे विसरून चालणार नाही. पेशा कोणताही असो, कान तयार हवा. तसा कान असलेली माणसे आज प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत; त्यांना लिहायला कोणी सांगत नाही एवढेच.

जिल्हा आवृत्त्यांच्या संपादकांनी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीपासून सुरुवात करावी. निकालाची यादी छापण्याबरोबर गावातल्या एखाद्या तबलजीला, गिटारवादकाला किंवा संगीत संयोजकाला परीक्षण लिहायला बोलवावे. त्याला मानधन वृत्तपत्राने द्यावे, संस्थेने नव्हे; आणि ज्या प्रयोगात तो स्वतः वाजवतो, त्यावर त्याने लिहू नये. एवढे दोन नियम पाळले, तर स्थानिक कलावंताला हारतुऱ्यांपेक्षा उपयोगी असे काही मिळेल: त्याचे काम नीट ऐकून दिलेले मत.