कॅन्सस रात्रीत ओलांडू नये

अमेरिकेच्या मध्यभागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या उन्हाळी प्रवासाचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. सेंट लुइस किंवा कॅन्सस सिटीहून आंतरराज्य महामार्ग ७० धरायचा, कॅन्ससची पूर्व-पश्चिम लांबी होता होईल तो अंधारातच संपवायची आणि सकाळी रॉकी पर्वताच्या पायथ्याशी डोळे उघडायचे. पर्वत पाहण्यासाठी आणि सपाटी कापण्यासाठी, ही वाटणी त्यात गृहीत असते. ती तपासून पाहायला हवी, आणि पूर्व कॅन्ससमधील फ्लिंट हिल्स या टेकड्यांच्या पट्ट्याला तरी स्वतंत्र दोन-तीन दिवस द्यायला हवेत. हा पट्टा रॉकी पर्वताइतका देखणा आहे असा दावा येथे करायचा नाही; भव्यतेला सरावलेल्या नजरेला तो पहिल्या दिवशी कंटाळवाणाही वाटेल. मात्र त्याचे आजचे रूप खडक, वणवा, गुरे आणि कायदा यांनी मिळून घडवले आहे, आणि महामार्गावरच्या वेगात त्यातले काहीच उलगडत नाही.

प्रेअरी म्हणजे जेथे झाडांऐवजी गवताचेच राज्य असते असा विस्तीर्ण प्रदेश. त्यातील उंच गवताच्या प्रेअरीने उत्तर अमेरिकेत एके काळी सुमारे १७ कोटी एकर जमीन व्यापली होती. आता तिचा चार टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक असून त्यातला बहुतांश फ्लिंट हिल्समध्ये आहे. इलिनॉय आणि आयोवातील काळी माती, जॉन डिअर यांनी १८३७ मध्ये पोलादी नांगर बनवल्यानंतरच्या काही पिढ्यांत, जवळजवळ सगळी पिकांखाली गेली. फ्लिंट हिल्समध्ये मात्र चुनखडीच्या थरांत चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा अतिशय कठीण दगड, ठासून भरलेला असल्याने आणि वरची माती पातळ असल्याने नांगराचे काही चालले नाही. शेतकरी पुढे निघून गेला, गुरे पाळणारा राहिला आणि त्याच्या चराऊ कुरणांमुळे गवतही राहिले. ही प्रेअरी कोणाच्या दूरदृष्टीमुळे वाचली, असे समजण्याचे कारण नाही.

तरीही केवळ दगडावर गवत टिकत नाही. मॅनहॅटन या विद्यापीठाच्या गावाजवळ (न्यूयॉर्कशी त्याचा संबंध नावापुरता) कॉन्झा प्रेअरी हे सुमारे ८,६०० एकरांचे संशोधन केंद्र आहे. तेथे जमिनीचे भाग पाडून काही दरवर्षी, काही दोन किंवा चार वर्षांनी, तर काही वीस वर्षांनी मुद्दाम जाळले जातात. जेथे आग क्वचित लागते तेथे झुडपे आणि रेड सीडरची झाडे गवताला हटवतात, हे या दीर्घ प्रयोगातून दिसून आले आहे. मूळ रहिवासी जमाती गवत पेटवत असत आणि आजचे गुरेपालकही वसंत ऋतूत ते पेटवतात. त्या धुराबद्दल दूरच्या शहरांतून तक्रारी येतात, आणि त्या निराधार नाहीत. मराठी वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, तरी मोकळा माळ दिसला की तो पडीक समजून तेथे झाडे लावण्याचा उत्साह महाराष्ट्रात अजून पुण्यकर्माच्या थाटात मिरवतो. वृक्षारोपण दिनाची प्रथाही १८७२ मध्ये नेब्रास्काच्या प्रेअरीवरच सुरू झाली, यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

कायद्याची कथा राज्यमार्ग १७७ वर, स्ट्राँग सिटी या गावाजवळ वाचता येते. येथे राष्ट्रीय उद्यान करण्याच्या प्रस्तावांना, जमीन सरकारजमा होण्याच्या भीतीने, गुरेपालकांनी दीर्घकाळ विरोध केला. १९६१ मध्ये देशाचे अंतर्गत व्यवहार मंत्री स्टुअर्ट उडाल पाहणीसाठी एका कुरणात उतरले, तेव्हा तेथील गुरेपालकाने त्यांना चालते व्हायला सांगितले. अखेर १९९६ मध्ये तडजोड होऊन सुमारे ११,००० एकरांचे टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र निर्माण झाले, पण केंद्र सरकारच्या मालकीची जमीन त्यात १८० एकरांपेक्षा जास्त असू नये, अशी अट कायद्यातच घातली गेली. बाकी जवळजवळ सगळी जमीन नेचर कॉन्झर्व्हन्सी या खाजगी संस्थेकडे आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे सरकारी जंगल, ही समजूत येथे टिकत नाही.

छोट्या गावांचे महत्त्व येथून पुढे सुरू होते. कॉटनवुड फॉल्स येथील चुनखडीच्या दगडात बांधलेले जिल्हा न्यायालय १८७३ मध्ये पूर्ण झाले आणि ते आजही वापरात आहे. प्रवासी त्याच्या उतरत्या छताचे आणि घड्याळाच्या मनोऱ्याचे छायाचित्र काढून समाधानाने परततात. त्याच १८७३ मध्ये, तेथून सुमारे वीस मैलांवरच्या कौन्सिल ग्रोव्ह परिसरातून कॉ जमातीला, जिच्या कान्सा या दुसऱ्या नावावरून राज्याचे नाव पडले, आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. दोन गावे एकाच दिवसात पाहणाऱ्यालाच ही दोन वर्षे प्रत्यक्षात एकच आहेत हे उमगण्याची शक्यता असते. पुढे कॉ जमातीला पवित्र असलेली एक प्रचंड लाल शिळा लॉरेन्स शहरात नेऊन १९२९ मध्ये तिच्यावर वसाहतकारांच्या गौरवाचा फलक बसवला गेला; आणि त्याच वर्षी, आईकडून कॉ वंशाचे असलेले चार्ल्स कर्टिस देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. जमातींची स्वशासन संस्था मोडणाऱ्या १८९८ च्या कायद्याला त्यांचेच नाव आहे. ती शिळा आता जमातीकडे परत आली असून कौन्सिल ग्रोव्हजवळ जमातीने विकत घेतलेल्या जमिनीवरील अ‍ॅलेगावाहो स्मृती उद्यानात ठेवली आहे.

मराठी मंडळांच्या सहल समित्यांचे आक्षेप ठाऊक आहेत: शाकाहारी जेवण मिळत नाही, मुले कंटाळतात, ऑगस्टचे ऊन सोसवत नाही. पहिल्यावर डबा हा जुना उपाय आहे, दुसऱ्यावर टॉलग्रास संरक्षित क्षेत्रातला बायसनचा कळप, आणि तिसरा आक्षेप खरा असल्याने एप्रिल किंवा सप्टेंबर निवडावा. एप्रिलमध्ये जळालेल्या काळ्या उतारांवर हिरवा कोंब दिसतो, सप्टेंबरमध्ये बिग ब्लूस्टेम हे गवत माणसाच्या उंचीला पोहोचते. क्रमाबद्दल मात्र आग्रह धरावा: कौन्सिल ग्रोव्हमध्ये आधी गावाबाहेरच्या त्या स्मृती उद्यानात जावे आणि मगच सांता फे व्यापारी मार्गाच्या पाट्या वाचाव्यात, कारण आधी पाट्या वाचल्या तर या मार्गासाठी जमातींशी झालेला १८२५ चा करार केवळ रस्ता मोकळा करून देणारा कागद वाटतो आणि ज्यांच्या जमिनीतून तो रस्ता गेला त्यांची आठवण परतीच्या वाटेवर उरलेल्या वेळेत उरकली जाते.