नेम धरण्यापूर्वीचा हिशेब

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस येथे ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले आणि ऑलिंपिकमधील वैयक्तिक पदकाची महाराष्ट्राची ७२ वर्षांची प्रतीक्षा संपली. त्यापूर्वीचे पदक आमच्याच सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून आणले होते. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. ती अभिमानास्पद आहे खरी. पण खेळाडू उभा राहण्यासाठी कोणाचे तरी घर गहाण पडावे, हे समाजाला कितपत भूषणावह आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

हा विचार आज करावयाचा तो वाईसारख्या गावांसाठी. कुस्तीला आखाडा आणि लंगोट पुरतो. नेमबाजीचा आरंभच खर्चाने होतो. परदेशी बनावटीची स्पर्धेची एअर रायफल बरीच महाग पडते. मुलाने हट्ट धरला की पगारदार बापापुढे दोनच वाटा दिसतात : कर्ज काढावे, नाहीतर मुलाला गप्प बसवावे. आमच्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, आरंभी रायफल विकत घेऊच नये. १० मीटर अंतरावरील लक्ष्याचा मध्यबिंदू अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथे नेम लागतो तो उभे राहण्याची ढब, श्वासावरील ताबा आणि घोडा दाबणाऱ्या बोटाची शांतता यांमुळे. या गोष्टी दुकानात मिळत नाहीत. पहिले सहा महिने शिक्षकाच्या देखरेखीखाली, सामायिक रायफलीवर काढावेत. पाठीला आधार देणारे जाड जाकीट वाढत्या वयाच्या मुलास दोन वर्षांत तोकडे होते. त्याचीही घाई नको. जुनी रायफल स्वस्तात मिळाली, तर तिच्या हवेच्या सिलिंडरवरील तारीख प्रथम पाहावी. दहा वर्षांची मुदत उलटलेले सिलिंडर म्हणजे स्वस्तात घेतलेला धोका होय. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलीस शस्त्रपरवाना लागत नाही; पॉइंट टू-टू रायफलीस तो लागतो. म्हणून श्रीगणेशा एअर रायफलीनेच करणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट, रायफलीची किंमत एकदाच द्यावी लागते, छर्ऱ्यांची दरमहा. एका डब्यात साधारणपणे ५०० छर्रे असतात. रोज १०० नेम मारणाऱ्या मुलाचा डबा पाच दिवसांत संपतो आणि महिन्याला सहा डबे लागतात. हा चालू खर्च, शिक्षकाचे शुल्क आणि स्पर्धांचा प्रवास यांची तजवीज न करता जो सारी शिल्लक रायफलीत घालतो, त्याची रायफल वर्षभरात कपाटात जाते. शाळेत शिकविण्यात आमची काही वर्षे गेली आहेत. हौसेने घेतलेल्या हार्मोनियमचे असेच झालेले आम्ही पाहिले आहे.

परंतु एकेका घराने कितीही नेटका हिशेब मांडला, तरी सामायिक रायफल आणावयाची कोठून? वाईहून बालेवाडीच्या नेमबाजी केंद्रात रोज जाऊन येणे शाळकरी मुलास शक्य नाही. मराठी विश्वकोशाचे प्रचंड कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली या गावातच उभे राहिले. त्या कामी लागणारे सारे ग्रंथ प्रत्येक लेखकाने पदरमोड करून घरी आणावेत, असे कोणी म्हटले नाही. त्यासाठी ग्रंथालय होते. रायफलींनाही हाच न्याय लावावयास काय हरकत आहे? १० मीटरच्या सरावास मैदान लागत नाही. शाळेचे एखादे लांब सभागृह, पुरेसा उजेड, छर्रे अडविणारी पक्की व्यवस्था, कुलूपबंद कपाट आणि जबाबदार शिक्षक एवढे असले, की चार रायफलींवर पाळीपाळीने पंचवीस मुले शिकू शकतात. एका घराला जड जाणारी रक्कम नगरपरिषद, शिक्षणसंस्था, सहकारी बँका आणि माजी विद्यार्थी यांनी वाटून घेतली, तर कोणालाच जड नाही.

स्वप्नील कुसाळे हे शिक्षकाचे पुत्र. घरच्यांनी झळ सोसलीच. पण शासनाची क्रीडा प्रबोधिनी आणि पुढे रेल्वेची नोकरी पाठीशी नसती, तर ती झळ त्या कुटुंबाला पेलली असती काय? पदक मिळाल्यावर शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले, ते योग्यच झाले. आमचे म्हणणे इतकेच की, त्या रकमेचा अल्पसा अंश पदकाच्या दहा वर्षे आधी गावोगावच्या शाळांत पोचावा. सत्काराचा हार विजेत्याच्या गळ्यात पडतो. आधाराचा हात मात्र नवशिक्याच्या खांद्यावर पडला पाहिजे. वाईकरांनी तो पुढे करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.